गोदूबाईने मागितलेला दंड

गोदूबाईवर दोन आरोप होते. पहिला, तिने सोमजाईच्या देवळातला ढोल अवेळी वाजवला आणि तोही बाईमाणूस असून. दुसरा, तिने वाडीतली पोरं बिघडवली. निवाडा गौरी-गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता व्हायचा होता. उंबरदांडाची गावकी मुंबईकरांशिवाय भरत नाही, आणि गणपती संपले की मुंबईकर वाडीत थांबत नाहीत, म्हणून हा एकच दिवस मधे सापडायचा. वर्षभराची सगळी भांडणं त्या दिवशी उरकून घ्यायची अशी रीत होती.

आरोप शाबीत झाला आणि दंड पटला नाही, तर घर वाळीत. वाळीत म्हणजे काय हे तिकडच्या माणसाला समजवावं लागत नाही. लावणीला कुणी हात लावायला येत नाही, लग्नाला वऱ्हाड मिळत नाही, माणूस मेलं तर खांदा द्यायला पोटच्या पोरापलीकडे कुणी नाही. आणि गोदूबाईच्या जितेशचं लग्न दासगावच्या दर्शनाशी ठरलेलं होतं, माघातलं.

उंबरदांड म्हणजे पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर धरून बसलेली बेचाळीस घरं. नाचणी, वरी, म्हशी, शेळ्या आणि घराघरातून एक तरी माणूस मुंबईला. गोदूबाईचा नवरा नाथू जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती एकटीच म्हशी सड्यावर, वरच्या कातळमाळावर, न्यायची, चारायची, परत आणायची. सड्याचा दगड न् दगड तिला ओळखीचा होता.

घडलं ते असं. आषाढात सलग पाच दिवस पावसाने उसंत दिली नाही. सहाव्या सकाळी गोदूबाई सड्यावर गेली, तर चांगूच्या घराच्या बरोबर वरच्या अंगाला जमिनीला भेग. हात घातला तर कोपरापर्यंत गेला. खालचा झरा, ज्याचं पाणी काचेसारखं असायचं, तो लाल गढूळ वाहत होता. गोदूबाई धावत सुटली. एकेका दारात जाऊन सांगेपर्यंत दुपार झाली असती, आणि पावसाच्या आवाजात हाक तरी कुणाला ऐकू जाणार? ती थेट देवळात शिरली आणि सोमजाईचा ढोल बडवायला लागली.

हा ढोल वर्षातून एकदाच वाजायचा, शिमग्याला पालखी निघताना. आणि वाजवायचा मान सदूच्या घराचा, त्याच्या खापरपणजापासून. असा तो ढोल आषाढात घुमला म्हटल्यावर आख्खी वाडी पावसात बाहेर पडली. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, सगळी खालच्या गावच्या शाळेत गेली आणि तीन दिवस तिथे राहिली.

डोंगर पडला नाही.

पडला असता तर गोदूबाईची आरती ओवाळली असती. पडला नाही म्हणून पंचाईत. नाचणीची रोपं तीन दिवस पाण्यात राहून कुजली, आणि धावपळीत सदूची दुभती म्हैस पायवाटेवरून घसरून पऱ्यात, खालच्या ओढ्यात गेली, ती गेलीच. माणसाचं असंच असतं, वाचलेला जीव त्याला दिसत नाही, गेलेली म्हैस मात्र दिसते. वरून गोदूबाईचं बघून पोरांनी नवंच खूळ काढलं. भेगेच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकून रोज शाळेतून आल्यावर दोरीने अंतर मोजायचं, आणि पाऊस वाढला की आजोबांना विचारायचं, "तुमाला कसं ठाऊक, पडणार नाय म्हणून?" आजोबांना असले प्रश्न आवडत नाहीत.

गौरी बोळवून आल्यावर दुपारी गोदूबाई भाकऱ्या थापत होती. जितेश उंबऱ्यावर बसला होता, तोंड पाडून.

"आई, सॉरी बोल ना. दो मिनिट का काम है. नारळ ठेव, पाया पड, मॅटर क्लोज. दर्शनाचे पप्पा फोन करून विचारत व्हते, गावकीचं काय झालं म्हणून."

"चुकलं म्हनू?"

"म्हनायला काय जातंय?"

"पुढल्या पावसात कोन हात लावंल रे ढोलाला?" गोदूबाईने भाकरी परतली. "मी चुकलं म्हनलं की झालं. मग भेग दिसली तरी मानूस आधी गावकीचा इचार करंल आन् मग डोंगराचा. तू तर मुंबईला. हितं मी आन् तुझी बहीन झोपतो."

अनुपमा, तिची धाकटी, महाडच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने तत्त्वज्ञान घेतलं होतं. ते घेऊन पुढे काय करणार, हे वाडीत तिला सगळ्यांनी विचारून झालं होतं. ती म्हणाली, "माफी कशाला? पोलिसांत जाऊ. वाळीत टाकणं गुन्हा आहे, कायदा आहे तसा."

"आसंल की. कायदा त्यांना माझं घर वाळीत टाकू देनार नाय. पन कायदा जितूच्या हळदीला जात्यावर बसंल का? मला माझी वाडी पायजे गो, कागुद नको."

अनुपमा चुलीपाशी सरकली. ती म्हणाली, "आई, अगदी असाच खटला पूर्वी झालाय. ग्रीस देशात अथेन्स म्हणून शहर, अडीच हजार वर्षांपूर्वी. सॉक्रेटिस नावाचा सत्तर वर्षांचा म्हातारा. आरोप काय माहितीय? गावाचे देव मानत नाही आणि पोरं बिघडवतो."

गोदूबाईचा हात थांबला. "आपल्याच वाडीतला वाटतो. काय करायचा?"

"बाजारात बसून लोकांना प्रश्न विचारायचा. न्याय म्हणजे काय, धैर्य म्हणजे काय. समोरचा म्हणायचा, मला ठाऊक आहे. चार प्रश्नांत कळायचं की त्याला काहीच ठाऊक नाही. सॉक्रेटिस म्हणायचा, ठाऊक मलाही नाही, पण मला ठाऊक नाही एवढं तरी मला ठाऊक आहे."

"आन् त्याची बायको? घरात दाना हाय का नाय, हे तिला कुनी इचारलं?"

जितेशला हसू आलं. अनुपमा रेटून पुढे सांगत राहिली. "पाचशे पंच बसले होते. आणि तिथेही आपल्यासारखंच, दोषी ठरला की त्याने आपला दंड आपणच बोलायचा."

उंबरदांडात तशी रीत होती खरी. दोषी ठरलेल्या माणसाने आपला दंड आपल्या तोंडाने बोलायचा, आणि गावकीने 'पुरे' म्हणायचं नाहीतर 'कमी'. तीनदा 'कमी' आलं की वाळीत. आजवर सगळ्यांनी एकच दंड बोललेला होता, देवीला नारळ आणि गावजेवण.

"मंग तो काय बोलला?"

"तो म्हणाला, मी गावाला जागं ठेवलं, तर मला गावाने मानाने रोज जेवायला घालावं."

"आन्?"

"आणि पंच भडकले. विषाचा पेला दिला त्याला. तो शांतपणे प्याला."

शेवटची भाकरी टोपलीत टाकून गोदूबाई म्हणाली, "शहाना व्हता. पन जेवन मागताना त्या जेवनाचं काम काय करीन, ते सांगितलं का त्यानं?"

"जे करत होतो तेच करत राहीन, असं म्हणाला."

"थितंच चुकलं बग," गोदूबाई म्हणाली आणि म्हशींना पाणी दाखवायला गेली. अडीच हजार वर्षांत पंडितांना जे सुचलं नाही ते सुचल्याचा कसलाही भाव तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. देवळाच्या पायरीवर पंच, समोर सतरंजीवर पुरुष, आणि कुंपणाच्या गडग्याबाहेर बायका. बायकांनी ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. बाईवर आरोप असला तर तिच्या घरचा पुरुष बोलतो. म्हणून मुंबई मंडळाचा अध्यक्ष सुनील, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, वही उघडून म्हणाला, "जितेश, उभा राहा. आईच्या वतीने सांग काय ते."

जितेश उठायच्या आत गोदूबाई गडगा ओलांडून आत आली. "ढोल जितेशनं वाजवला नाय. त्याला काय इचारता?"

कुजबुज झाली. तिला बाहेर काढायला कुणी उठलं मात्र नाही, कारण एकट्या बाईला अंगणातून ओढायचं कुणी, हा प्रश्न होता. सुनीलने वहीत डोकं घातलं.

सदू बोलायला उभा राहिला. सत्तरीचा माणूस, अजून ताठ. भावकीत गोदूबाईचा मोठा दीर लागायचा. खोटं सांगण्यात अर्थ नाही, सदू वाईट माणूस नव्हता. पण घराण्याचा मान गेला, म्हैस गेली, आणि नातवाने तोंडावर प्रश्न विचारला. एवढ्यावर कुणाचंही डोकं फिरेल.

"देवीचा ढोल म्हंजे काय डबा हाय?" तो म्हणाला. "शिमग्याबिगर त्याला माझा बापसुद्धा शिवला नाय. हिनं बडवला. डोंगर पडला का? नाय. वाडी उगाच भिजली, माझी म्हस गेली. आन् पोरं आता बापाचं ऐकत नायत."

गोदूबाईने पदर खोचला तो हात कुठेतरी ठेवायला हवा म्हणून.

"भावजी, म्हशीचं आदी बोलते. ती माझी चूक. मानसं काढली, पन जनावरं वरच्या वाटंनं न्या हे सांगायचं सुचलं नाय. माझ्या म्हशीची पारडी हाय, ती आजपासून तुमच्या गोठ्यात. त्याला दंड म्हनू नका, ते माझं देनं हाय."

याची सदूला अपेक्षा नव्हती.

"आता मला सांगा, शिमग्याला ढोल कशापायी वाजवता?"

"वाडी गोळा कराया. देवीच्या पायाशी."

"आन् आषाढात मी काय केलं?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सदू लाल झाला. "पन डोंगर पडला नाय!"

"खरं हाय. पडनार नाय हे तुमाला त्या दिशी ठाऊक व्हतं?"

"मला कसं ठाऊक आसनार? मी काय देव हाय?"

"मला बी ठाऊक नव्हतं, भावजी. पडंल का नाय, काय बी ठाऊक नव्हतं. म्हंजे आपन दोघं सारखीच." गोदूबाई अंगणाकडे वळली. "पन ठाऊक नाय म्हनून तुमी चुलीपाशी बसून ऱ्हायलात, आन् ठाऊक नाय म्हनून मी धावले. यात पापी कोन, ते गावकीनं सांगावं."

चार वर्षांपूर्वी दरडीखाली गेलेल्या तळीयेचं नाव कुणी काढलं नाही. गोदूबाईनेही नाही. ते एक नाव घेतलं असतं तर अर्धं अंगण रडलं असतं आणि खटला तिथेच संपला असता. पण दुसऱ्याच्या मेलेल्या माणसांवर आपलं भांडण जिंकायचं तिच्या मनाला पटणारं नव्हतं. रात्रीच तिने तसं ठरवलं होतं.

"आन् पोरांचं?" सुनीलने विचारलं.

"माझी म्हस आन् तुमची म्हस एकाच पानवठ्यावर पिते. तो पानवठा मी जानूनबुजून नासवीन का? नासवला तर मला बी तेच पानी प्यायचं हाय. ही पोरं उद्या मला खांदा देनार. त्यांना बिघडवून माझा काय फायदा? ती प्रश्न इचारतात. उत्तर ठाऊक आसंल तर द्यावं, नसंल तर ठाऊक नाय म्हनावं. त्यानं कुनाची मिशी खाली येत नाय."

सुनीलने हात वर करायला सांगितले, एका घराचा एक हात. आरोपीच्या घराला हात नाही, म्हणजे एकेचाळीस. बावीस हात विरोधात, एकोणीस बाजूने. चांगू, ज्याच्या घराच्या डोक्यावर ती भेग होती, त्याने हात वर केला तोही विरोधात. सदूच्या बांधाला त्याचा बांध होता, करतो काय बिचारा.

गोदूबाई दोषी ठरली. गडग्यापलीकडे अनुपमाने डोळ्यांना ओढणी लावली. जितेशने फोन काढला आणि परत खिशात टाकला. दासगावला काय सांगायचं?

"दंड बोला," सुनील म्हणाला. त्याने वहीत 'नारळ' असं आधीच लिहून ठेवलं होतं.

"बोलते. पुढल्या मिरगापास्नं हस्त सरेस्तोवर, सगळा पावसाळा, मी सड्यावर खोपीत ऱ्हाईन. पोरांच्या खुंट्या रोज मोजीन, झऱ्याचं पानी बघीन. भेग वाढली, पानी लाल झालं की खाली येऊन देवीचा ढोल वाजवीन. डोंगर पडो नायतर न पडो. आन् तंवर वाडीनं मला जेवायला घालायचं. रोज एका घरची भाकरी, पाळीपाळीनं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकच गलका उडाला.

"हा दंड हाय का मान?" सदू ओरडला. "दोषी ठरली ती, आन् वर जेवान मागते! चोराच्या उलट्या बोंबा!"

"कमी!" कुणीतरी म्हणालं. "कमी! कमी!" सतरंजीवरून आवाज उठू लागले.

"कमी?" गोदूबाई म्हणाली. "चार महिनं पावसात, वाऱ्यात, एकटीनं खोपीत बसायचं. ज्याला तो मान वाटतो त्यानं पुढं यावं. माझी जागा देते त्याला, आन् पयली भाकरी माझ्या घरची."

कुणी पुढे आलं नाही. पण 'कमी' म्हणणारी तोंडंही बंद झाली नाहीत. सुनीलने घसा खाकरला. "पहिल्यांदा कमी," तो म्हणाला आणि वहीत रेघ ओढली. "दुसऱ्यांदा?"

"कमी!"

दुसरी रेघ. गोदूबाईला वाटलं, संपलं. अनुपमाच्या त्या म्हाताऱ्यासारखंच झालं आपलं. तिला स्वतःपेक्षा जितूचं वाईट वाटलं, त्याच्या माघातल्या रिकाम्या मांडवाचं. तरी शब्द मागे घ्यावा असं तिला वाटलं नाही. वाटलं नाही याचं तिलाच नवल वाटलं.

"तिसऱ्यांदा?"

"ए, थांबा जरा, मला बोलू द्या."

आवाज गडग्याबाहेरून आला होता. तुळजाबाई, सदूची बायको. साठ वर्षांच्या आयुष्यात ती गावकीत कधी बोलली नव्हती. घरातही कमीच बोलायची, सदूने सवड दिली तरच.

"भाकरी मागितली ना हिनं?" तुळजाबाई म्हणाली. "मंग पुरुस कमी-जास्त कशाचं बोलतायत? भाकरी कोन करतो? तुमी? पीठ कोन दळतो, चूल कोन फुकतो?"

"तुळजे, गप ऱ्हा," सदू म्हणाला.

"लई गप ऱ्हायले. तळीये झाल्यापास्नं पाऊस लागला की माज्या डोळ्याला डोळा नाय. तुमी घोरता, मी छपराकडं बघत ऱ्हाते. शाळेत तीन राती झोपले, तशी चार वर्सांत झोपले नव्हते. वर कुनीतरी जागं हाय एवढं कळलं तरी मला झोप लागंल. एक भाकर जास्त थापायची तेवढ्यासाठी? मी दोन थापीन." तिने गडग्यावर हात आपटला. "मिरगाची पयली भाकरी आमच्या घरची."

"दुसरी आमची," चांगूची बायको बनुबाई ओरडली. चांगूने मान खाली घातली.

"तिसरी माझी!"

"ए, तिसरी मी बोलले व्हते!"

आणि मग गडग्याबाहेर असा काही कालवा माजला की पुरुषांना आपलाच आवाज ऐकू येईना. एकीला सोमवार नको होता, उपास असतो म्हणून. एकीने नागपंचमीचा दिवस मागून घेतला. दोन जावांची एकाच घरातून दोन पाळ्यांसाठी जुंपली. अनुपमा बॅगेतली वही काढून भराभरा लिहायला लागली. एकशेपंचवीस दिवस, एकेचाळीस घरं, म्हणजे एकेका घराला तीनदा पाळी. वरचे दोन दिवस कुणाचे, यावरून भांडण पेटलं ते वेगळंच.

सुनील वहीवर पेन धरून तसाच उभा होता. "तिसऱ्यांदा..." तो पुटपुटला.

सतरंजीवर एकही तोंड उघडलं नाही. 'कमी' म्हणायचं म्हणजे संध्याकाळी त्याच घरी जाऊन त्याच चुलीपुढे बसायचं होतं. आधी एक म्हातारा म्हणाला, "पुरे." मग दुसरा म्हणाला. चांगूने तर मान वर करून इतक्या मोठ्याने म्हटलं की देवळातली पाखरं उडाली. पुरे, पुरे, पुरे, सगळं अंगण म्हणायला लागलं, आणि जितेश रडत होता की हसत होता हे कुणाला कळत नव्हतं. तो दासगावला फोन लावून सांगत होता, "हां पप्पा, जीत गये! आई जिंकली! काय दंड? जेवण!"

गोदूबाई होती तिथेच खाली बसली. गडग्यापलीकडे बायकांचं भांडण ऐकत ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हती. नाथू गेल्यापासून कुणी तिच्यासाठी असं भांडलं नव्हतं, आणि आज चाळीस बाया भांडत होत्या, तिला जेवायला कुणी घालायचं म्हणून. एवढं सुख तिला सोसवेना.

एकटा सदू अजून काही बोलला नव्हता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो सावकाश उठला, धोतर झटकलं, आणि गोदूबाईपुढे येऊन उभा राहिला. हार मानायची त्याला सवय नव्हती.

"गोदे," तो म्हणाला, "आमच्यात कालवन झनझनीत आसतं. चालंल न्हवं तुला?"